नेपियरला नत्र: किती टाकावे, कधी कापावे आणि गवताच्या आत काय बदलते

चार वर्षांपूर्वीच्या श्रावणात माझ्या हातून एक चूक झाली. गोठ्यामागच्या दहा गुंठे भरडीत, म्हणजे उताराच्या वरकस जमिनीत, संकरित नेपियर हे चाऱ्याचे बारमाही गवत आहे. आषाढातल्या कापणीनंतर नवे फुटवे पिवळट दिसायला लागले, म्हणून एका सकाळी ४५ किलोंची युरियाची अख्खी गोण त्यावर रिकामी केली. गुंठ्याला साडेचार किलो युरिया, म्हणजे हेक्टरी दोनशे किलोंच्या वर नत्र झाले, तेही एकाच हप्त्यात. त्यानंतरचे दोन आठवडे झड लागली होती, सूर्य दिसलाच नाही. चौदाव्या दिवशी गवत काळपट हिरवे आणि गुडघ्याच्या वर गेलेले. कापले आणि गुरांना पोटभर घातले. तिसऱ्या दिवशी शेण पातळ झाले, दूध थेंबभरही वाढले नाही आणि एक पाडी गवत हुंगून बाजूला तोंड करायला लागली. शेजारचे म्हातारे काका गोठ्यात डोकावून म्हणाले, "गवात काळा दिसता, पण गुरांच्या पोटात ऱ्हवणा नाय."

त्यांचे म्हणणे रसायनशास्त्राच्या हिशेबानेही बरोबर होते. गुरे वाचली हे नशीब. तेव्हापासून मी युरिया तोलून टाकतो, टाकल्याची तारीख लिहितो आणि मधले उन्हाचे दिवस मोजून मगच कोयता लावतो. घरी दोन-चार गुरे आणि पाच-दहा गुंठे गवत असलेल्या कोणालाही हे जमण्यासारखे आहे.

आधी गवताच्या आत काय होते ते

युरियात ४६ टक्के नत्र असते. जमिनीत त्याचा अमोनिया होतो आणि पुढे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. मुळे हे नायट्रेट शोषून वर पाठवतात. मात्र नायट्रेट म्हणजे प्रथिन नव्हे. पानात त्याचे आधी अमोनिया, मग अमिनो आम्ले आणि शेवटी प्रथिने व्हावी लागतात. त्यासाठी झाडाला ऊर्जा आणि साखर लागते, आणि ती उन्हातून येते. ऊन भरपूर असेल तर काम सुरळीत चालते. ढगाळ दिवसांत मुळे नायट्रेट ओढतच राहतात, पण पानांना ते पचवता येत नाही, मग ते साठते. सर्वांत जास्त साठते ते दांड्याच्या खालच्या भागात.

कोकणातली खरी अडचण इथेच आहे. घाटावर पावसाळ्यातही अधूनमधून ऊन पडते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस आभाळ फाटत नाही, आणि गवताची वाढ नेमकी तेव्हाच जोरात असते. त्यामुळे इतर ठिकाणचे वेळापत्रक इथे जसेच्या तसे उचलून चालत नाही.

नत्राने गवतात होणारा पहिला बदल म्हणजे प्रथिने वाढतात. पण यात एक खोच आहे. जमीन उपाशी असेल तर पहिला थोडा युरिया नुसते वजन वाढवतो. फुटवे वाढतात, पाने रुंद होतात आणि मिळालेले नत्र त्या वाढीव गवतात वाटले जाते. टक्केवारी जागच्या जागी राहते, गवत उशिरा कापले तर उलट घसरते. वाढीची भूक भागल्यावर जे नत्र उरते त्यानेच प्रथिनांची टक्केवारी वर जाते. म्हणून "युरिया टाकला पण तपासणीत फरक नाही" असे झाले तर त्यात नवल नाही. ते नत्र भाऱ्यांच्या संख्येत गेलेले असते.

दुसरा बदल पाण्याचा. नत्र दिलेले गवत रसाळ होते आणि त्यातला कोरडा भाग कमी होतो. तिसरा बदल साखरेचा. प्रथिने बनवण्यात साखर खर्च होते, त्यामुळे गवतातली विरघळणारी साखर घटते. तंतुमय भागात मात्र नत्राने फारसा फरक पडत नाही. गवत कडक होते ते वयामुळे. पचनीयता हवी असेल तर युरियापेक्षा कापणीच्या दिवसाकडे लक्ष द्यावे.

क्षारांचे गणित जमिनीवर ठरते. जमिनीत पालाश (पोटॅश) भरपूर असेल तर नत्राबरोबर गवतातला पालाश वाढतो आणि मॅग्नेशियम मागे पडते. पालाश कमी असेल तर दर कापणीला तो आणखी उपसला जातो. नेपियरमध्ये ऑक्झलेट असते. ते कोवळ्या पानांत जास्त आढळते आणि नत्र व पालाशाच्या भरपूर मात्रेने वाढते. ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून टाकते, त्यामुळे रोज नेपियर खाणाऱ्या दुभत्या गाईला खनिज मिश्रण चुकवू नये.

जमीन बघून घ्या

आपली जांभ्याची जमीन आंबट. अडीच-तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि चुना, मॅग्नेशियम, पालाश धुऊन नेतो. राहते ते लोह आणि ॲल्युमिनियम, ते स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून ठेवतात. अशा जमिनीत नुसता युरिया टाकत राहिलात तर पहिली दोन वर्षे गवत जोमात येते आणि तिसऱ्या वर्षापासून ठोंब विरळ होतात.

त्यामुळे उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये, माती तपासून घ्यावी. सामू (पीएच, म्हणजे जमीन किती आंबट ते), सेंद्रिय कर्ब, स्फुरद आणि पालाश एवढे कळले तरी पुरे. सामू साडेपाचच्या खाली असेल तर पावसाआधी शेतीचा चुना किंवा डोलोमाईट मातीत मिसळावा. डोलोमाईटमधून मॅग्नेशियमही मिळते, म्हणून जांभ्यात मला ते जास्त पटते. मात्रा तपासणीच्या अहवालाप्रमाणे घ्यावी. चुना आणि युरिया एकाच दिवशी टाकू नयेत, नत्र अमोनिया होऊन उडून जाते.

अमोनियम सल्फेटबद्दल नेहमी विचारणा होते. त्यात सुमारे २०.५ टक्के नत्र आणि २३ टक्के गंधक असते. गंधकाशिवाय गवताला नत्राचे प्रथिन पुरते करता येत नाही, म्हणून वर्षातून एखादा हप्ता त्याचा द्यायला हरकत नाही. पण तितक्याच नत्रामागे ते युरियापेक्षा जमीन जास्त आंबट करते. दर हप्त्याला तेच वापरणे आपल्या जमिनीला झेपणारे नाही.

मात्रा तोलून काढा

एक हेक्टर म्हणजे जवळजवळ शंभर गुंठे. चाऱ्याच्या बारमाही गवताला दर कापणीनंतर हेक्टरी २५ ते ५० किलो नत्र धरले तर गुंठ्याला पाव ते अर्धा किलो नत्र येते. युरियात बोलायचे तर अर्धा किलो ते एक किलो शंभर ग्रॅम. दहा गुंठ्यांना साडेपाच ते अकरा किलो. मी सबंध गोण ओतली होती, हे लक्षात घ्या.

पाव किलो नत्र पुरते का, हेही बघू. एका गुंठ्यातून एका कापणीला २०० किलो हिरवे गवत निघाले आणि त्यात १८ टक्के कोरडा भाग असला, तर कोरडे गवत ३६ किलो. त्यात १० टक्के प्रथिने म्हणजे ३ किलो ६०० ग्रॅम. प्रथिनात १६ टक्के नत्र असते, म्हणजे गवताबरोबर सुमारे ५७५ ग्रॅम नत्र शेतातून गेले. ते एकट्या युरियातून भरायचे तर सव्वा किलो युरिया लागेल, तोही एक कणसुद्धा वाया न जाता. पावसात ते शक्य नाही. ही तूट शेणखताने आणि गोठ्याच्या पाण्याने भरून काढायची. ते नत्र हळूहळू सुटते आणि सोबत पालाशही देते.

गोठ्याच्या पाण्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. आपल्याकडे बहुतेक घरी गोठा धुतलेले पाणी मोरीतून थेट नेपियरवर सोडलेले असते. तिथले ठोंब सर्वांत उंच आणि काळेभोर दिसतात. मुताबरोबर त्यांना रोज नत्र आणि पालाश मिळत असतो. त्या पट्ट्याला युरिया अजिबात टाकू नये, आणि तिथले गवत कधीही एकटे घालू नये. पाट दर पंधरवड्याला वळवून पाणी सगळ्या गुंठ्यांत फिरवणे सर्वांत चांगले.

टाकायची वेळ

मृगात पहिला पाऊस पडून जमीन ओली झाली, फुटवे वर आले की पहिला हप्ता द्यावा. आर्द्रा ते आश्लेषा, म्हणजे साधारण २२ जून ते ऑगस्टचा मध्य, या काळात मी हात आखडता घेतो. जास्तीत जास्त गुंठ्याला अर्धा किलो युरिया, तोही उघडीप दिसली तरच. मुसळधार पावसात टाकलेला युरिया व्हाळाला मिळतो किंवा नायट्रेट होऊन विहिरीत उतरतो. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची आपल्याकडची मर्यादा आहे. ज्यांची विहीर नेपियरच्या खालच्या अंगाला आहे त्यांनी हे विसरू नये.

भाताच्या चारसूत्री पद्धतीत युरिया-डीएपीच्या गोळ्या चिखलात खोचतात, ते अनेकांनी केलेले असेल. नेपियरच्या ठोंबाजवळ चार बोटे खोल तशीच गोळी खोचली तर ती पाण्याबरोबर वाहून जात नाही. कष्ट जास्त आहेत, पण उताराच्या भरडीत मला हाच मार्ग बरा वाटतो. गोळ्या नसतील तर ओळीच्या वरच्या अंगाला कुदळीने चर ओढून युरिया टाकावा आणि माती लोटावी.

खरा हप्ता द्यायचा तो पूर्वा-उत्तरा नक्षत्रांत, गणपतीच्या सुमारास. पाऊस सरीवर आलेला असतो, मध्ये मध्ये कडक ऊन पडते आणि जमिनीत ओल असते. या दिवसांतले नत्र खरोखर प्रथिनात उतरते. पाण्याची सोय असेल तर हिवाळ्यात प्रत्येक कापणीनंतर पाणी देऊन हप्ता द्यावा. युरिया कोरड्या जमिनीवर तसाच पसरून ठेवू नये. दवाने नुसता भिजला तर त्यातला बराच अमोनिया होऊन उडतो. टाकला की पाणी सोडावे.

कातळावरच्या रानगवताला युरिया घालण्याच्या भानगडीत पडू नये. तिथे माती बोटभर असते आणि सगळे खत धुऊन जाते. ते गवत दसऱ्याच्या आधी, फुलोऱ्यावर असताना कापले तर बी झडल्यानंतर कापलेल्या गवतापेक्षा त्यात प्रथिने नक्की जास्त मिळतात, आणि खर्च काहीच नाही.

कापणीचा दिवस

युरिया टाकल्यापासून कमीत कमी तीन आठवडे कोयता लावू नये. पहिल्या दोन आठवड्यांत गवतातले नायट्रेट सर्वांत जास्त असते. मधले दिवस ढगाळ गेले तर चौथा आठवडा जाऊ द्यावा, आणि झडीनंतर ऊन पडले की तीन-चार दिवस थांबून मग कापावे. दुसरीकडे फार थांबूनही चालत नाही. नेपियर ४० ते ५० दिवसांत कापावे. साठ दिवसांच्या पुढे प्रथिने वेगाने घसरतात, दांडा लाकडासारखा होतो आणि टाकलेल्या नत्राचा प्रथिनांच्या दृष्टीने उपयोग राहत नाही.

जमिनीपासून वीतभर दांडा ठेवून कापावे. नवे फुटवे जोमाने येतात, आणि नायट्रेटचा साठा असलेला बुडखा शेतातच राहतो. शक्य असेल तर दुपारनंतर कापावे. दिवसभराच्या उन्हाने साखर वाढलेली आणि नायट्रेट थोडे उतरलेले असते. पहाटे दवात कापण्याची आपली सवय माणसाला सोयीची असली तरी गवताच्या दृष्टीने ती वेळ सर्वांत हलकी.

घरच्या घरी मोजणी

कोरडा भाग मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. गवत बारीक कापून, नीट मिसळून, बरोबर एक किलो घ्यावे. उन्हाळा असेल तर कडक उन्हात तीन-चार दिवस पसरावे. पावसाळ्यात चुलीवर टांगलेल्या बांबूच्या चटईवर ठेवावे, मात्र करपू देऊ नये. सलग दोन दिवस वजन तेच आले की वाळले. १८० ग्रॅम उरले तर कोरडा भाग १८ टक्क्यांच्या आसपास. घरी थोडी ओल राहतेच, पण दोन पट्ट्यांची तुलना करायला एवढे पुरते.

हे का मोजायचे? समजा दोन भारे आहेत, दोन्ही दहा किलोंचे. बिनखताच्या भाऱ्यात २० टक्के कोरडा भाग आणि त्यात ८ टक्के प्रथिने, म्हणजे २ किलोंत १६० ग्रॅम. खताच्या भाऱ्यात १५ टक्के कोरडा भाग आणि १२ टक्के प्रथिने, म्हणजे दीड किलोत १८० ग्रॅम. कागदावर प्रथिने दीडपट, पोटात गेली ती फक्त २० ग्रॅम जास्त, आणि घन पदार्थ अर्धा किलो कमी. तीनशे किलो वजनाच्या गाईला रोज सात-साडेसात किलो कोरडा भाग लागतो. १५ टक्क्यांच्या गवतातून तो भरायचा तर पन्नास किलो गवत खावे लागेल, आणि तेवढे तिच्या पोटात मावत नाही. काकांचे म्हणणे हेच होते.

एकदा तरी छोटी चाचणी करून बघा. एकाच वयाच्या गवताचे चार पट्टे पाडा. एकाला काही नको, दुसऱ्याला गुंठ्यामागे अर्धा किलो युरिया, तिसऱ्याला एक किलो, चौथ्याला फक्त शेणखत. पस्तिसाव्या दिवशी चारही कापून हिरवे वजन आणि कोरडा भाग लिहा. आपल्या जमिनीला कुठली मात्रा मानवते हे मग दुकानदाराला विचारावे लागत नाही.

नमुना आणि अहवाल

प्रथिने आणि नायट्रेट कळण्यासाठी नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो. दापोलीचे कृषी विद्यापीठ किंवा जिल्ह्याचे पशुसंवर्धन खाते यांच्याकडे चारा तपासणीची चौकशी करावी. नमुना एका कोपऱ्यातला नको. शेतात नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणचे गवत, नेहमीच्या उंचीवर कापून घ्यावे. दव वाळल्यावर घ्यावे, बारीक करावे, ढीग चार भागांत वाटून समोरासमोरचे दोन ठेवावेत, पुन्हा तसेच करावे. उरलेला एक किलो कागदी किंवा कापडी पिशवीत भरावा. प्लास्टिकमध्ये गवत घामेजते आणि कुजते. चिठ्ठीवर गवताची जात, वय, खताची तारीख व मात्रा आणि मागच्या आठवड्यातले हवामान लिहावे.

अहवालात क्रूड प्रोटीन असे लिहून येते. डेन्मार्कच्या योहान क्येल्डालने १८८३ साली शोधलेल्या पद्धतीने एकूण नत्र मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात, कारण प्रथिनात १६ टक्के नत्र असते. पण या मोजणीत अमोनिया, अमाइड यांसारखे प्रथिन न झालेले नत्रही येते आणि काही पद्धतींत नायट्रेटचा भागही धरला जातो. युरिया टाकल्यावर आठ-दहा दिवसांत नमुना दिलात तर आकडा मोठा येईल, पण त्यातले बरेचसे नत्र अजून कच्चेच असेल. प्रोटीनबरोबर नायट्रेटचीही तपासणी मागावी.

नायट्रेटचा आकडा वाचताना एकक बघावे. काही जण नायट्रेट लिहितात, काही नायट्रेटमधले नत्र लिहितात, आणि दोन्हींत साडेचार पटींच्या आसपास फरक पडतो. कोरड्या भागात नायट्रेट अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर निर्धास्त राहावे. अर्धा ते एक टक्का असेल तर पेंढ्यात मिसळून घालावे आणि गाभण जनावरांना जपून द्यावे. त्याच्या वर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नये. प्रथिने ७ टक्क्यांच्या खाली आली तर कोठीपोटातले, म्हणजे गुरांच्या पहिल्या मोठ्या पोटातले, जिवाणू उपाशी पडतात आणि जनावराचे खाणेच कमी होते. भाताचा पेंढा तीन-चार टक्क्यांतच असतो, त्याला चांगल्या गवताची जोड लागते ती म्हणून.

गव्हाणीत घालताना

प्रथिनांचे पचन होताना कोठीपोटात अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचे पुन्हा प्रथिन करतात, पण त्यांनाही ऊर्जा लागते. कोवळ्या, नत्राच्या गवतात नत्र जास्त आणि साखर कमी. उरलेला अमोनिया रक्तात जातो, यकृत त्याचा युरिया करते आणि तो मुतावाटे बाहेर पडतो. गोठ्यात सकाळी शिरल्यावर डोळ्यांना झोंबणारा वास यायला लागला तर समजावे की खताचे पैसे गटारात चालले आहेत. अशा गवताबरोबर पेंढा आणि थोडा भरडा किंवा कोंडा द्यावा. मी दोन भाग नेपियरला एक भाग पेंढा, दोन्ही कुट्टी करून मिसळतो. गवत आदल्या संध्याकाळी पडवीत पसरून ठेवले तर त्यातले पाणी थोडे उतरते. नायट्रेट मात्र सुकवल्याने जात नाही.

भुकेल्या जनावराला नव्या कापणीचे गवत एकदम पोटभर घालू नये. आधी पेंढा टाकावा, मग थोडे थोडे गवत, आणि चार-पाच दिवसांत वाढवत न्यावे. नायट्रेटची बाधा झाली तर जनावर धापा टाकते, थरथरते, लडखडते, हिरड्या आणि डोळ्यांच्या आतली त्वचा तपकिरी-निळसर पडते, रक्त चॉकलेटी दिसते. काही तासांत जनावर दगावू शकते. गवत ताबडतोब काढून टाकावे, जनावराला पळवू नये आणि पशुवैद्यकाला बोलवावे. शिरेतून द्यायचे मिथिलीन ब्ल्यू हे त्यावरचे औषध आहे, ते डॉक्टरांनीच द्यायचे. कोवळ्या ज्वारीला नत्र दिले असेल तर नायट्रेटबरोबर दुसरे विषही वाढते. गुडघाभर ज्वारी गुरांच्या तोंडी लागू देऊ नये.

मुरघास, म्हणजे खड्ड्यात हवाबंद आंबवलेला चारा, करणाऱ्यांसाठी थोडे. नत्राच्या गवतात साखर कमी आणि पाणी जास्त, त्यामुळे ते नीट आंबत नाही, घाण वास मारते. कापून एक दिवस सुकवावे आणि शंभर किलोंना दोन-तीन किलो गुळाची मळी मिसळावी. मुरघासात नायट्रेट बरेच उतरते, पण पहिल्या काही दिवसांत त्यातून पिवळसर-तपकिरी विषारी वायू निघतो. त्या दिवसांत खड्ड्यात वाकून बघू नये, मुलांना जवळ फिरकू देऊ नये.

बांधावर गिरिपुष्प किंवा शेवरी असेल, किंवा ओळींमध्ये चवळी घेता येत असेल, तर श्रावणातला युरियाचा हप्ता मी सरळ वगळतो. गिरिपुष्पाच्या पाल्यात वीस टक्क्यांच्या वर प्रथिने असतात. त्याचा वास गुरांना आधी आवडत नाही. दुपारभर सुकवून नेपियरच्या कुट्टीत मूठभर मिसळून सुरुवात केली की आठवड्याभरात खायला लागतात. माझी ती पाडी आता गाय झाली आहे. गव्हाणीत ती आधी तोच पाला वेचून काढते.